शटरमागचा सेट-टॉप बॉक्स आणि सोफ्यावरचा रिमोट

टीव्ही युनिट करायला घेतलं की घरात चर्चा होते ती लॅमिनेटच्या रंगाची, हँडलची आणि सुताराच्या मजुरीची. आत ठेवायच्या सेट-टॉप बॉक्सला आणि अ‍ॅम्प्लिफायरला रिमोटचा इशारा कसा पोचणार, हा प्रश्न निघतो तो शटर लागल्यावर. मग चॅनेल बदलायचं म्हणून एक दार कायम उघडं राहतं. धूळ आत जाते, वायरींचं जंजाळ डोळ्यांसमोर येतं आणि ज्यासाठी शटर केलं तेच वाया जातं.

यावरचे उपाय सोपे आहेत आणि बरेचसे स्वस्तही. पण दुकानात जाऊन ‘रिमोट एक्स्टेंडर द्या’ म्हणण्याआधी घरातलं प्रत्येक उपकरण वेगळं तपासा, कारण एकाच कपाटातल्या तीन पेट्या तीन वेगळ्या वाटांनी हुकूम घेत असू शकतात. ही तपासणी आधी केली तर अनेकदा विकत काहीच आणावं लागत नाही, आणि आणावं लागलंच तर नेमकं काय ते कळतं.

आधी यादी करा: कोण कशावर चालतं?

एक कागद घ्या. कपाटात जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाचं नाव लिहा आणि त्यापुढे त्याची वाट लिहा. वाटा तीनच आहेत.

पहिली वाट प्रकाशाची, म्हणजे इन्फ्रारेड. साध्या डीटीएच आणि केबलच्या बॉक्सचे, अ‍ॅम्प्लिफायरचे, डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेअरचे रिमोट बहुतेक याच वाटेने बोलतात. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा एलईडी डोळ्यांना न दिसणारा, साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा उघडझाप करत फेकतो. हा प्रकाश भिंतीवर आपटून परततो, पण 18 एमएम प्लायच्या आरपार कधीच जात नाही. कपाटाची खरी अडचण आहे ती या वाटेची.

दुसरी वाट रेडिओची, म्हणजे ब्लूटूथ किंवा वाय-फाय. फायर टीव्ही स्टिक, बरेचसे अँड्रॉइड बॉक्स, प्लेस्टेशनचा कंट्रोलर हे या वर्गात येतात. लाकडाचं दार त्यांना अडवत नाही.

तिसरी वाट वायरीची. एचडीएमआय किंवा लॅन केबलमधून हुकूम येऊ शकतो, आणि हा पर्याय सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो.

कोणता रिमोट कोणत्या वाटेचा, हे ओळखायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर तो इन्फ्रारेड. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड गाळणारी काच असते, म्हणून हे पुढच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्याने करा. आधी टीव्हीच्या जुन्या साध्या रिमोटवर करून बघा, म्हणजे तुमचा कॅमेरा हा प्रकाश दाखवतो का ते समजेल.

ही चाचणी बटणागणिक करायची. एकाच रिमोटची काही बटणं ब्लूटूथवर आणि काही इन्फ्रारेडवर असतात. फायर टीव्हीच्या व्हॉइस रिमोटची बाणाची बटणं ब्लूटूथने स्टिकशी बोलतात, तर आवाजाची आणि पॉवरची बटणं टीव्हीला किंवा साउंडबारला इन्फ्रारेडने इशारा देतात. ‘रिमोट अर्धवट चालतो’ ही तक्रार कपाट बंद झाल्यावर हमखास येते, तिचं मूळ इथे असतं.

दार कशाचं आहे, किंवा होणार आहे?

काम अजून सुरू व्हायचं असेल तर इथे मोठी सोय करून घेता येते. साधी पारदर्शक काच इन्फ्रारेडला जवळजवळ अडवत नाही. स्पीकरवर लावतात तसं पातळ, सुटं विणलेलं कापड, वेताची जाळी, उभ्या पट्ट्यांचं दार यांतूनही इशारा जातो, शिवाय हवाही खेळते. वेताची जाळी लावलेलं दार मला या कामासाठी सर्वांत आवडतं. आतली पेटी दिसत नाही, तिचा रिमोट चालतो, तापही बाहेर पडतो. पट्ट्यांचं दार दिसायला छान असलं तरी बाजूच्या खुर्चीवरून तिरका इशारा त्या पट्ट्यांवरच आपटतो, हे लक्षात ठेवा.

प्लाय, एमडीएफ, आरसा, मागून रंग दिलेली काच यांतून इन्फ्रारेड जात नाही. काळसर टिंटेड काचेचं खात्रीने सांगता येत नाही, काहींतून नीट जातो, काहींतून अर्ध्या अंतरापर्यंतच. म्हणून सुताराकडून त्याच मालाचा हातभर तुकडा मागून घ्या, सेट-टॉप बॉक्सच्या पुढे धरा आणि सोफ्याच्या दोन्ही टोकांवरून बटण दाबून बघा. दहा मिनिटांची चाचणी आहे, ऑर्डर देण्याआधीच करा.

रेडिओच्या वाटेला लाकूड चालतं, धातू चालत नाही. पत्र्याचं कपाट किंवा आरशाचं दार ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही कमकुवत करतं. वाय-फायचा राउटर तर कोणत्याच बंद कपाटात कोंडू नका, त्याचा त्रास घरभर होतो. साउंडबार आणि सबवूफरही बाहेरच हवेत. दाराआड त्यांचा आवाज दबतो आणि शटर थरथरत राहतं.

बिनपैशाचा उपाय: एचडीएमआय-सीईसी

टीव्ही कपाटाबाहेर असतो, म्हणजे त्याला त्याच्या रिमोटचा इशारा दिसतोच. तोच इशारा टीव्हीने एचडीएमआय केबलमधून आतल्या पेटीला पुढे पाठवला तर काम झालं. ही सोय एचडीएमआयमध्ये असते आणि तिला सीईसी म्हणतात. जोडणीच्या 19 पिनांपैकी 13 नंबरची पिन त्यासाठी राखलेली आहे. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीने तिला स्वतःचं नाव दिलंय. सॅमसंगच्या टीव्हीत ‘एनीनेट प्लस’ शोधा, एलजीत ‘सिंपलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’, पॅनासोनिकमध्ये ‘व्हिएरा लिंक’.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये हे सुरू करा, मग आतल्या उपकरणाच्या सेटिंगमध्येही सुरू करा. प्लेस्टेशन 5 मध्ये ते ‘एचडीएमआय डिव्हाइस लिंक’ या नावाने आहे. त्यानंतर सगळ्यांचे प्लग भिंतीवरून काढून पाच मिनिटांनी परत लावा. उपकरणांची एकमेकांशी ओळख नव्याने होते आणि अर्धे घोटाळे तिथेच मिटतात. आता टीव्हीच्याच रिमोटच्या बाणांनी आतला प्लेअर चालतो का बघा.

अ‍ॅम्प्लिफायर किंवा साउंडबार असेल तर त्याची केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून बाहेर पाठवणारी सोय) लिहिलेल्या पोर्टमध्येच हवी. मग टीव्हीच्या रिमोटने त्याचा आवाज कमी-जास्त होतो. एआरसी 2009 साली एचडीएमआय 1.4 बरोबर आलं, त्यामुळे त्याआधीच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून ही अपेक्षा करू नका.

सीईसीच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. साध्या डीटीएच बॉक्समध्ये ते अनेकदा नसतंच, किंवा फक्त चालू-बंद करण्यापुरतं असतं. एका केबलचे दोन फाटे करणारा स्वस्त एचडीएमआय स्प्लिटर वाटेत असेल तर हुकूम तिथेच अडकतो. कधी टीव्ही आपोआप चालू होतो, तेव्हा ज्या पेटीमुळे तसं होतंय तिच्या सेटिंगमधली ‘टीव्ही आपोआप सुरू करा’ ही गोष्ट तेवढी बंद करा, सगळं सीईसी बंद करू नका.

आयआर रिपीटर: मुख्य काम

यादीत इन्फ्रारेडची उपकरणं उरलीच असतील, आणि डीटीएच असलेल्या घरात ती उरतातच, तर आयआर (म्हणजे इन्फ्रारेड) रिपीटर बसवा. यात तीन भाग असतात. बाहेर बसणारा सेन्सर, आत ठेवायची छोटी डबी आणि त्या डबीतून निघणारे एमिटर. सेन्सर रिमोटचा प्रकाश पकडतो, डबी तो इशारा वाढवते आणि एमिटर तोच इशारा पेटीच्या अगदी तोंडाशी पुन्हा फेकतो. नवा रिमोट नाही, कोड शिकवणं नाही, इंटरनेट नाही. घरातल्या आजी-आजोबांच्या हातात त्यांच्या सवयीचाच रिमोट राहतो. माझ्या मते बहुतेक घरांसाठी हाच सर्वोत्तम उपाय आहे.

एक गोष्ट खरेदीआधी तपासा. काही लहान सेट-टॉप बॉक्सच्या मागे ‘आयआर’ असं लिहिलेलं 3.5 एमएमचं भोक असतं. तसं असेल तर त्या बॉक्सचा बाहेरचा सेन्सर थेट तिथे लागतो आणि एमिटरची गरजच पडत नाही. अनेक अ‍ॅम्प्लिफायरच्या मागेही ‘रिमोट इन’ असतं, पण तिथे काय जोडायचं ते त्याच्या मॅन्युअलमध्ये वाचूनच जोडा.

आता बसवण्याचा क्रम.

1. सेन्सरची जागा ठरवा. टीव्हीच्या कडेला चिकटवून बसवू नका, वीतभर दूर ठेवा. बाल्कनीतून येणारं ऊन आणि एलईडी पट्टीचा उजेड त्याच्यावर थेट पडता कामा नये. उघडणाऱ्या दारावर तो बसवू नका, दर वेळी वाकून वायर आतून तुटते. दाराशेजारच्या न हलणाऱ्या पट्टीत किंवा टीव्हीखालच्या फळीच्या कडेत भोक पाडा.

2. सेन्सरची वायर कमी पडली तर वाढवायची केबल तीन पट्ट्यांच्या, म्हणजे स्टीरिओ पिनची घ्या. सेन्सरला वीज, अर्थ आणि इशारा अशा तीन तारा लागतात. एमिटरला दोन तारा पुरतात. सेन्सरला दोन तारांची केबल जोडून ‘किट खराब निघालं’ म्हणणारे बरेच असतात.

3. डबीला वीज मोबाइलच्या साध्या 5 व्होल्ट चार्जरने द्या, अर्थात किट 5 व्होल्टचं असेल तर. टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. टीव्ही बंद झाला की बहुतेक टीव्हींचा यूएसबीही बंद होतो, मग टीव्ही न लावता नुसतं गाणं ऐकायचं म्हटलं तर अ‍ॅम्प्लिफायर चालूच करता येत नाही. आणि 12 व्होल्टच्या किटमधला सेन्सर 5 व्होल्टच्या डबीला लावून बघू नका.

4. पेटीची ‘खिडकी’ शोधा. पुढच्या काळ्या प्लास्टिकवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की आत एक छोटा काळा, फुगीर मणी दिसतो. तोच सेन्सर. दिसला नाही तर एकाने रिमोट दाबत राहायचं आणि दुसऱ्याने एमिटर पॅनलवर हळूहळू सरकवायचा. जिथे पेटी लगेच दाद देते ती जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा.

5. एमिटर लगेच कायमचा चिकटवू नका. आधी साध्या सेलोटेपने लावा, दोन दिवस वापरा, मग त्याचा गोंद लावा. पॅनल स्पिरिटने पुसून कोरडं केलं नाही तर उन्हाळ्यात कपाटातल्या उष्णतेने गोंद सुटतो आणि एमिटर लोंबकळतो.

6. एकाच कंपनीचे दोन सेट-टॉप बॉक्स एका कपाटात असतील तर एका रिमोटने दोन्हींचे चॅनेल बदलतात. प्रत्येक एमिटरवर आणि पेटीच्या खिडकीवर मिळून जाड, अपारदर्शक टेपचा तुकडा झाकणासारखा लावा. त्याने दुसऱ्याचा उजेड आत शिरत नाही, पण एकाच डबीचे एमिटर दोन्ही पेट्यांना तोच इशारा देतात, त्यामुळे नुसत्या टेपने प्रश्न मिटतोच असं नाही.

7. शटर बंद करून सोफ्यावरून, जेवणाच्या टेबलावरून, जमिनीवर बसून बटणं दाबून बघा. आवाजाचं बटण दाबून धरा. आवाज सलग वाढला पाहिजे, अडखळत नाही.

बसवल्यावर येणाऱ्या तक्रारी ठरावीक असतात. कोणी रिमोट दाबला नसतानाही डबीवरचा दिवा सतत लुकलुकत असेल तर सेन्सरला घरातलाच कुठलातरी प्रकाश त्रास देतोय. एकेक दिवा बंद करून बघा. एलईडी पट्टी, सीएफएल, टीव्हीचा बॅकलाइट हे नेहमीचे संशयित. सेन्सर हलवा किंवा त्याच्यावर काळ्या पुठ्ठ्याची छोटी छत्री करा. सेन्सर कपाटाच्या आत राहिला तर तो एमिटरचाच उजेड पुन्हा पकडतो आणि इशारा गोल गोल फिरत राहतो, म्हणून त्याला बाहेरच बसवायचं. काचेच्या दारामागे आणखी एक गंमत होते. रिमोटचा मूळ इशारा काचेतून आणि तोच इशारा एमिटरमधून, असे दोन्ही पेटीला मिळतात आणि 1 दाबलं की 11 लागतं. सहाव्या पायरीतला टेप इथेही कामी येतो.

दुर्मीळ प्रसंगी रिपीटर एखाद्या उपकरणाला अजिबात दाद देत नाही. सगळे रिमोट 38 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 38 हजार उघडझापींवर, नसतात. फिलिप्सची जुनी पद्धत 36 वर, सोनीची 40 वर चालते, आणि 30 ते 60 किलोहर्ट्झ झेपणारं किट हे सगळं सांभाळतं. पण बँग अँड ओलुफसेनचे रिमोट 455 किलोहर्ट्झवर चालतात, त्यांना साधं किट उपयोगाचं नाही.

वाय-फाय हब कोणी घ्यावा?

मोबाइलवरून किंवा बोलून सगळं चालवायची हौस असेल तर वाय-फाय आयआर हब मिळतात. ही पेटी राउटरकडून हुकूम घेते आणि इन्फ्रारेडमध्ये फेकते. ती कपाटाच्या आतच ठेवायची. आतून पांढरं लॅमिनेट असेल तर प्रकाश परावर्तित होऊन चांगला पसरतो. मधला उभा पार्टिशन मात्र त्याला पार करता येत नाही, तिथे दुसरा हब लागतो. असे बरेच हब फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. जोडणी होत नसेल तर फोन 5 गिगाहर्ट्झवर आहे का ते आधी बघा.

मी हा उपाय एकट्याने वापरायला सुचवत नाही. वीज गेली, राउटर परत उठायला वेळ लागला, की तेवढा वेळ टीव्हीही थांबतो. पाहुण्यांना अ‍ॅप शिकवावं लागतं. शिवाय कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या वस्तूचं आयुष्य आपल्या हातात नसतं. हार्मनी रिमोट या क्षेत्रात सर्वांत नावाजलेले होते, पण लॉजिटेकने 2021 च्या एप्रिलमध्ये त्यांचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. रिपीटर कायमचा बसवा आणि हब वरची सोय म्हणून ठेवा.

नेटवर्कला जोडता येणारा एव्ही रिसीव्हर (चित्र आणि आवाज दोन्हींच्या जोडण्या सांभाळणारा अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर त्याला लॅनची केबल द्या आणि कंपनीचं अ‍ॅप घ्या. सेटिंगमध्ये ‘नेटवर्क स्टँडबाय’ सुरू ठेवलं नाही तर बंद असलेला रिसीव्हर अ‍ॅपवरून उठत नाही.

ताप: रिमोटइतकीच महत्त्वाची बाजू

रिमोट चालू लागला की शटर कायम बंद राहायला लागतं, आणि आतली उष्णता वाढायला लागते. हे काम रिमोटच्या कामासोबतच करायचं. प्लेस्टेशन 5 साठी सोनीने 5 ते 35 अंश तापमान सांगितलंय. अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्यात खोलीच तिथवर पोचते, मग बंद कपाटाचा विचार करा.

गरम हवा वर जाते, म्हणून हवा आत यायची वाट खाली आणि बाहेर पडायची वाट वर, मागच्या बाजूला. पंखा वरच्या भोकावर, हवा बाहेर फेकणारा लावा. 120 एमएमच्या पंख्याचं तोंड साधारण 113 चौरस सेंटीमीटर असतं. सुतार वायरींसाठी पाडतात त्या 60 एमएमच्या भोकाचं तोंड 28. म्हणजे तशी दोन भोकं पंख्याला जेमतेम निम्मीच हवा पुरवतात. चार हवीत, आणि पाली-झुरळं आत जाऊ नयेत म्हणून त्यांवर बारीक स्टीलची जाळी लावणार असाल तर सहा. जाळी दर दोन महिन्यांनी साफ करा.

काही रिसीव्हरच्या मागे ‘12 व्होल्ट ट्रिगर’ असतो. रिसीव्हर चालू झाला की तिथे वीज येते, आणि पंखा त्यावर आपोआप चालवता येतो. पण हा ट्रिगर साधारण 100 ते 150 मिलीअँपियरच देतो. पंख्याच्या लेबलवरचा आकडा त्याहून जास्त असेल तर मध्ये रिले (थोड्या विजेवर चालून दुसरी वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा अ‍ॅडॅप्टर हवा.

कोकणात आणि गोव्यात उलट त्रास पावसाळ्यात होतो. बाहेरच्या ओल्या भिंतीला कपाटाची पाठ टेकवली की आत बुरशी धरते. पाठ आणि भिंत यांत दोन इंच जागा सोडून घ्या.

सुतार आणि इलेक्ट्रिशियन हातात असतानाच

टीव्हीपासून कपाटापर्यंत दोन इंची पाइप भिंतीत टाकून घ्या. एक इंची पाइपच्या वळणावर एचडीएमआयचं तोंड अडकतं. विजेची वायर त्याच पाइपात नको, तिला वेगळा पाइप. आत नायलॉनची दोरी ओवून ठेवा, पुढे केबल बदलायला तीच उपयोगी पडते. 4के चित्रासाठी साध्या तांब्याच्या केबलची लांबी 5 मीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब हवी तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कपाटात, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टीव्हीकडे. उलटी ओवली तर पुन्हा सगळी बाहेर काढावी लागते.

स्पाइक गार्ड कपाटात ठेवा, पण त्याचा मुख्य स्विच बाहेर हाताशी असू द्या. सेट-टॉप बॉक्स अडकला की तो बंद करून चालू करावा लागतोच, त्यासाठी कोणी कपाटात वाकायला नको.

शेवटी वायरवाला प्रोब असलेलं छोटं डिजिटल थर्मामीटर वरच्या कप्प्यात सोडा, शटर लावा आणि एक पूर्ण सिनेमा नेहमीच्या आवाजात बघा. आतलं तापमान खोलीपेक्षा दहा अंशांहून जास्त चढलं तर खालची भोकं वाढवा. तेवढ्याच वेळात घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या हातात रिमोट द्या, काही न सांगता. ते जिथे अडतील तिथे एमिटरची जागा, सेन्सरची दिशा किंवा सीईसीचं सेटिंग यांपैकी काहीतरी अजून नीट व्हायचं आहे.